शुगर २१० आली, आता काय करायचं?

सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की संध्याकाळच्या आत रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. पाच-सहा पानांची पीडीएफ, साठ-सत्तर आकडे. त्यांतले काही ठळक अक्षरांत, काहींपुढे वर जाणारा बाण, काहींपुढे खाली जाणारा. डॉक्टरांची वेळ मिळालेली असते परवाची. तोवर घरातला जो तो आपापल्या परीनं त्या बाणांचा अर्थ लावत बसतो.

या बाणांमागचं गणित फारसं कुणी समजावून सांगत नाही. प्रयोगशाळेतली ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवलेली असते, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत यावीत. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही शंभरात पाच जण तिच्या बाहेरच राहणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच वेळी केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टातही निदान एक बाण उमटण्याची शक्यता ६४ टक्के निघते. हे कळलेला माणूस एका बाणानं घाबरत नाही. न कळलेला रात्रभर जागा राहतो.

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार असे आजार ज्यांना कायमचे सांभाळायचे आहेत, त्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी आहेत. त्यांची डॉक्टरांशी भेट महिन्या-दोन महिन्यांतून काही मिनिटांची. बाकी सगळे दिवस काय खायचं, गोळी कधी घ्यायची, चक्कर आली तर काय करायचं, हे त्यांचं त्यांनाच ठरवावं लागतं. ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र आता गावोगावच्या औषधांच्या दुकानात मिळतं. आकडा घरी मिळू लागला, पण त्या आकड्याचं काय करायचं ते सांगणारं कुणी त्या वेळी जवळ नसतं.

रुग्णाच्या हाती आकडा देणाऱ्या प्रत्येकाला या ठिकाणी खूप काही करता येतं. त्यात डॉक्टर आले, प्रयोगशाळा आल्या, दवाखान्यातल्या सिस्टर आणि आशाताई आल्या, ॲप बनवणारे आले आणि आईच्या शुगरसाठी वहीत रकाने आखून देणारी मुलगीही आली. या सगळ्यांसाठी पुढचं मार्गदर्शन.

नुसता आकडा पुरत नाही

रिचर्ड बर्नस्टीन हे अमेरिकेतले इंजिनिअर. त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह होता. १९६९ मध्ये त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या एका नव्या यंत्राची जाहिरात पाहिली. ते यंत्र फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकलं जाई, म्हणून त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावानं ते मागवलं. दिवसातून अनेकदा साखर मोजायची आणि आकडा पाहून इन्सुलिनचा डोस व आहार बदलायचा, असा क्रम त्यांनी स्वतःवर लावून घेतला. तब्येत सुधारत गेली. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन ते स्वतःच डॉक्टर झाले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीसीसीटी’ या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासानं याच पद्धतीला पुरावा दिला. टाइप १ च्या १,४४१ रुग्णांपैकी ज्यांनी दिवसातून चार किंवा अधिक वेळा साखर मोजून त्यानुसार इन्सुलिन बदललं, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्यानं होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी आढळलं.

या यशानंतर टाइप २ च्या रुग्णांच्या हातीही ग्लुकोमीटर आला. तिथे मात्र निकाल वेगळे लागले. इन्सुलिन न घेणाऱ्या ४५३ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेला २००७ चा अभ्यास असो, की नॉर्थ कॅरोलायनातल्या ४५० रुग्णांवरचा २०१७ चा. वर्षभर घरी साखर मोजणाऱ्यांच्या आणि न मोजणाऱ्यांच्या ‘एचबीएवनसी’त, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उत्तर आयर्लंडमधल्या एका अभ्यासात तर मोजणाऱ्यांच्या मनावर उदासीची छाया थोडी अधिक दिसली.

यंत्र तेच, आकडाही तितकाच खरा. मग फरक कुठे पडला? इन्सुलिन घेणाऱ्याला आकडा पाहून लगेच काहीतरी करता येत होतं. नुसती गोळी घेणाऱ्याला २१० दिसल्यावर काय बदलायचं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ४८३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हीच उणीव भरून काढली गेली. रोज बोट टोचण्याऐवजी डॉक्टरांच्या भेटीआधी सलग तीन दिवस, जेवणाआधी, जेवणानंतर आणि झोपताना मिळून दिवसातून सात वेळा साखर मोजायची; त्याचा एका कागदावर आलेख काढायचा; आणि तो डॉक्टरांनी रुग्णासोबत बसून वाचायचा. नाश्त्यानंतर साखर उसळते की रात्रीच्या जेवणानंतर, ते त्यात स्पष्ट दिसे आणि उपाय त्याच वेळेपुरता करता येई. या रुग्णांची सरासरी साखर इतरांपेक्षा जास्त उतरली.

आधी कृती ठरवावी, मग आकडा मागावा

म्हणून पहिला नियम असा: रुग्णाला एखादी गोष्ट मोजायला सांगण्याआधी, आकडा अमुक आला तर तो काय करेल आणि तमुक आला तर काय करेल, हे लिहून काढावं. ते लिहिता येत नसेल, तर ती मोजणी सांगूच नये.

रक्तदाबाच्या बाबतीत हे किती साधं करता येतं, ते ब्रिटनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात दिसतं. त्यातल्या ५२७ जणांपैकी निम्म्यांना घरी बीपी मोजून स्वतःच औषध वाढवण्याचं शिक्षण दिलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी बीपी मोजायचं. आठवड्यातले चार किंवा जास्त दिवस ते ठरलेल्या मर्यादेच्या वर राहिलं, आणि हेच लागोपाठ दोन महिने झालं, तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या यादीतला पुढचा बदल करायचा. फार जास्त किंवा फार कमी आलं, तर डॉक्टरांना कळवायचं. वर्षअखेरीस या गटाचा वरचा आकडा इतरांपेक्षा सरासरी ५.४ नं जास्त उतरला होता.

या नियमात एका दिवसाच्या आकड्याला फारसं महत्त्व नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पाहुणे आले, झोप झाली नाही, भांडण झालं, की बीपी वर जातंच. चार दिवस आणि दोन महिने ही अट घातल्यामुळे एका वाईट सकाळवरून कुणी गोळी वाढवत नाही. शिवाय काय करायचं हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी आधीच, शांतपणे समोरासमोर बसून घेतलेला असतो. आपल्याकडे प्रत्येक रुग्णाला औषध स्वतः बदलायला सांगणं योग्य ठरणार नाही. तरी ‘अशी वेळ आली तर दोन दिवसांत दवाखान्यात या’ एवढी ओळ तरी प्रत्येकाच्या वहीत आधीच लिहिलेली असू शकते.

आकडा खरा असावा

चुकीच्या आकड्यावर नेमका सल्ला दिला, तर नुकसानच होतं. म्हणून मोजण्याची रीत त्याच कागदावर, रकान्यांच्या वरच छापावी. बीपीसाठी: चहा, कॉफी, तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, दंडाचा पट्टा छातीच्या पातळीत असावा, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. म्हणून यंत्र विकत घेतल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन पट्ट्याचं माप आणि आकडा, दोन्ही ताडून घ्यावं. घरच्या मोजणीची मर्यादाही वेगळी असते. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरी साधारण १३५/८५ धरतात.

ग्लुकोमीटरसाठी एकच गोष्ट ठळक लिहावी: हात धुऊन, कोरडे करून मगच बोट टोचावं. आंबा चिरलेल्या हातानं मोजलं, तर बोटावरचा रस रक्तात मिसळतो आणि शुगर भलतीच वर दिसते.

कागदावर आकडा कसा दिसावा

मिशिगन विद्यापीठातले ब्रायन झिकमुंड-फिशर आणि त्यांचे सहकारी रक्ततपासणीचे आकडे रुग्णांना कसे दाखवावेत यावर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांना असं आढळलं, की कोष्टकापेक्षा आडव्या पट्टीवर खूण करून दाखवलेला आकडा लोकांना लवकर कळतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी या पट्टीवर आणखी एक खूण घातली. नॉर्मलची सीमा जिथे संपते, तिच्या बरंच पुढे ‘बऱ्याच डॉक्टरांना इथपर्यंत काळजी वाटत नाही’ अशा अर्थाची. प्लेटलेट्स, यकृताचं एक एन्झाइम आणि क्रिएटिनिन अशा तीन तपासण्यांचे काल्पनिक निकाल लोकांना दाखवले गेले. ही खूण पाहिलेल्यांपैकी, आकडा सीमेच्या जरासा बाहेर असताना तातडीनं डॉक्टरांकडे धावू म्हणणारे बरेच कमी झाले. आकडा खरोखर वाईट असेल तेव्हाची घाई मात्र फारशी कमी झाली नाही.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली, की या एका खुणेची गरज आपल्या शहरांत घरोघर जाणवते. प्लेटलेट्स दीड लाखाखाली गेल्या, की कुटुंब धावपळ सुरू करतं. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणं, गळून जाणं ही खरी धोक्याची लक्षणं रिपोर्टात कुठेच छापलेली नसतात. प्रयोगशाळेला ती आकड्याखाली दोन ओळींत छापता येतील.

रंगांचा वापर करताना आपल्याकडची एक अडचण ध्यानात ठेवावी. हिरवा-पिवळा-लाल असा सुंदर छापलेला तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतो, संपतो आणि मग त्याची झेरॉक्स निघते. झेरॉक्समध्ये तिन्ही रंग राखाडी होतात. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही. म्हणून प्रत्येक रंगाच्या चौकटीत शब्दही हवेत: ‘ठीक’, ‘दवाखान्यात फोन करा’, ‘आत्ता निघा’.

आकड्यांची लिपीही विचार करून निवडावी. यंत्रावर इंग्रजी अंक दिसतात. ज्याला ते वाचून मराठी अंक लिहिणं जड जातं, त्याच्या वहीत मर्यादाही इंग्रजी अंकांतच लिहावी, म्हणजे नुसतं ताडून पाहता येईल. काही ग्लुकोमीटरवर साखर फार जास्त किंवा फार कमी असेल, तर आकड्याऐवजी इंग्रजीत ‘हाय’ किंवा ‘लो’ अशी अक्षरं येतात. पुष्कळांना ते यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. दोन्हींचा अर्थ ‘लगेच मदत घ्या’ असा आहे, हे वहीच्या पहिल्याच पानावर असावं. मुलगा लंडनला आणि आई-वडील नाशिकला असतील, तर एककाचा घोळही होतो. इथल्या २१० ला तिकडचं मीटर ११.७ म्हणतं. फोनवर सल्ला देण्याआधी दोघांनी एकच एकक ठरवून घ्यावं.

शब्द आणि सूर

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रतिसादाच्या, म्हणजे ‘फीडबॅक’च्या, परिणामांवरचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीनं प्रतिसादाचा उपयोग झाला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रतिसाद मिळाल्यावर काम आणखी बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ यावर गेलं, की घसरण होते, असं त्यांचं म्हणणं. हे संशोधन रुग्णांपुरतं नव्हतं, तरी दवाखान्यातल्या वाक्यांना ते तंतोतंत लागू पडतं.

‘तुमची शुगर अजिबात कंट्रोलमध्ये नाही, पथ्य पाळत नाही तुम्ही.’ या वाक्यानंतर काकू पुढच्या भेटीआधी तीन दिवस उपाशी राहतात आणि आकडा चांगला आणून दाखवतात. तेच असं म्हणता येईल: ‘काकू, उपाशीपोटीची शुगर १२४ आहे, ती छान. रात्रीच्या जेवणानंतरची २१० येते आहे. रात्री भात किती घेता? पुढचे दोन आठवडे निम्मा करून बघा, उरलेल्या जागी भाजी वाढवा. आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोन तासांनी मोजा. १८० च्या खाली आली तर तेच चालू ठेवू, नाही आली तर गोळीचं बघू.’ यात कोणता आकडा ठीक आहे, कोणता नाही, एकच बदल कोणता, पुन्हा कधी मोजायचं आणि त्यानंतर काय, एवढं सगळं आलं. कुठेही काकूंच्या स्वभावावर शेरा नाही.

संदेश पाठवायचा असेल, तर त्यातही एका वेळी एकच गोष्ट असावी. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतल्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्यांना दोन वर्षं मोबाइलवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश नियमित पाठवले, तेही त्यांना सोयीच्या वेळी. २०१३ मध्ये आलेल्या निकालात संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना.

सांगून झाल्यावर ‘कळलं ना?’ असं विचारू नये. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘घरी गेल्यावर सूनबाईंना तुम्ही हे कसं सांगाल?’ असं विचारावं. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी अशी उजळणी करून घेतलेल्या रुग्णांची साखर अधिक ताब्यात असल्याचं दिसलं होतं. ही सवय असलेले डॉक्टर मात्र त्यातही थोडेच होते.

पलीकडे कोण आहे?

केनियात एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या रुग्णांना दर सोमवारी दवाखान्यातून एका शब्दाचा संदेश जाई: ‘माम्बो?’ म्हणजे ‘कसं काय?’ रुग्णानं दोन दिवसांत ‘सावा’, ठीक आहे, किंवा ‘शिदा’, अडचण आहे, असं कळवायचं. ‘शिदा’ म्हणणाऱ्याला आणि उत्तरच न देणाऱ्याला नर्स फोन करी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या ५३८ रुग्णांपैकी संदेशाच्या गटात विषाणू दबलेल्यांचं प्रमाण ५७ टक्के होतं, इतरांत ४८. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर असाच विचार करून एक अभ्यास झाला. त्यात आठवड्याला यंत्राचा आपोआप येणारा फोन आणि एक चित्रसंदेश होता. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात त्याचा काहीच फायदा दिसला नाही. दोन्हींत फरक अनेक होते. पण केनियात अडचण कळवल्यावर एक माणूस फोन करत होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांच्या बाबतीतही तोच अनुभव. अमेरिकेत १,६५३ रुग्णांना रोज यंत्राला फोन करून वजन आणि लक्षणं सांगायला लावली. २०१० मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. जर्मनीत १,५७१ रुग्णांची रोजची माहिती बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या केंद्रात जाई आणि तिथे डॉक्टर-नर्स चोवीस तास हजर असत. २०१८ च्या त्या निकालात मृत्यूंचं प्रमाण कमी झालं होतं.

आपल्याकडे चोवीस तासांचं केंद्र प्रत्येक दवाखान्याला परवडणार नाही. पण आकडे मागवले, तर ते कोण, कधी वाचणार, हे रुग्णाला आधी सांगता येतं: ‘सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वही बघतात.’ व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला टाकलेला आकडा सकाळपर्यंत कुणी पाहणार नसेल, तर तसं स्पष्ट लिहावं. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाला. ठरलेल्या तारखेला न आलेल्यांची यादी काढून त्यांना फोन करणं हा त्यातल्या कामाचा भाग आहे. लहान दवाखान्यालाही एक वही आणि आठवड्यातला एक तास देऊन हे जमतं.

धोक्याच्या ओळी

काही परिस्थितींत कुणाच्या उत्तराची वाट पाहायची नसते. त्या ओळी ठळक, वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात. शुगर ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं: शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, तरीही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं: १०८. त्रास काही नसेल, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजणी, आणि तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हृदय कमकुवत असलेल्याचं वजन तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कळवायचं. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाच्या वयाप्रमाणे आणि औषधांप्रमाणे हे आकडे हातानं दुरुस्त करून खाली सही करावी.

छापण्याआधी वापरून बघावं

तक्ता किंवा ॲप तयार झालं, की आधी ते पाच-सहा रुग्णांच्या हाती द्यावं. त्यांत एक चष्मा लागणारा असावा, एक कमी शिकलेला असावा, एक असा असावा ज्याचा फोन नातवाकडे असतो. त्यांना खोटा आकडा द्यावा, ‘समजा, आज सकाळी १६८/१०२ आलं’, आणि कागद पाहून काय कराल, असं विचारावं. मधे बोलू नये. बोट कुठे अडतं, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, कोणता रकाना सोडला जातो, हे टिपावं. तिघांनी चुकीची चौकट दाखवली, तर दोष चौकटीचा असतो. ती बदलून पुन्हा दुसऱ्या पाच जणांना दाखवावी.

महिनाभरानं वह्या परत मागवून तीन गोष्टी तपासाव्यात. कोणता रकाना बहुतेकांनी रिकामा ठेवला? कोणत्या आकड्यानंतर कुणी काही केलं, आणि काय केलं? आणि ‘फोन करा’ या चौकटीत आकडा येऊनही फोन न केलेले किती, ते कशामुळे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आलेला रकाना पुढच्या छपाईत काढून टाकावा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा ‘डॉक्टर चिडतील’, ‘फोन लागत नाही’, ‘मजुरी बुडते’ अशी कारणं निघतील. त्यांवर उपाय दवाखान्याच्या वेळा, फोन उचलणारी व्यक्ती आणि बोलण्याचा सूर बदलूनच करावा लागेल, आणि पुढच्या महिन्याच्या वह्यांत त्याचा परिणाम मोजता येईल.